सिटी किती देते?

नवी गाडी दाराशी आली की आपल्याकडे पेढ्याच्याही आधी प्रश्न येतो, "किती देते?" किलोमीटर, लिटर हे शब्द त्यात लागतच नाहीत. उत्तर देणाराही अडखळत नाही. 'अठरा', 'वीस', फार तर 'हायवेला बावीस' असं सांगून मोकळा होतो. माझे साडू यात पटाईत. त्यांच्याकडे उंच बैठकीची कॉम्पॅक्ट एसयूव्ही आहे आणि त्यांच्या म्हणण्यानुसार ती बारा महिने, घाट चढताना, घाट उतरताना, पुढे लग्नाची वरात असली तरीही, बावीसच देते.

माझ्याकडे होंडा सिटी आहे. २०२० साली आलेली पाचवी पिढी, दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, सहा गिअर, मॅन्युअल. ती किती देते असं विचारलं की मी उलट विचारतो, "कुठे?" साडूंच्या मते मी तिथेच हरतो.

सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी सातच्या सुमाराला, एसी लावून, ही गाडी अकरा देते. सिग्नल मनासारखे मिळाले तर साडेअकरा. त्याच रस्त्यावर रविवारी सकाळी, निम्मं पुणं मिसळीच्या रांगेत असताना, ती चौदाच्या पुढे जाते. सातारा रस्त्याला ऐंशी-नव्वदचा वेग धरून शांतपणे गेलं तर एकोणीस-वीस मिळतात. एक्स्प्रेसवेवर काटा शंभरावर ठेवला की सतरा-अठरा. गाडी एकच, टायरमधली हवा तीच, चालवणाराही तोच.

हे आकडे डॅशबोर्डच्या पडद्यावरचे नाहीत. बहुतेक गाड्यांचे पडदे मालकाचं मन राखणारे असतात. टाकी नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, गाडी नेहमीसारखी वापरायची आणि पुन्हा त्याच पंपावर त्याच रीतीने भरायची. धावलेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. यात एकच अडचण असते, ती म्हणजे "साहेब, राउंड फिगर करू का?" म्हणणारा पंपावरचा मुलगा. त्याला हो म्हटलं की हिशेब बुडाला.

कंपनीचा अधिकृत आकडा १७.८. असे आकडे ज्या संस्थेच्या नावाने ओळखले जातात ती एआरएआय आपल्याच वेताळ टेकडीवर आहे, १९६६ सालची. टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांच्या ती रोजच्या पाहण्यातली. ही चाचणी रस्त्यावर होतच नाही. गाडीची चाकं रोलरवर फिरतात, समोरून मोठा पंखा वारा घालतो आणि आत बसलेला चालक आखून दिलेल्या आलेखाप्रमाणे वेग वाढवतो, कमी करतो, थांबतो. सगळं मिळून वीसेक मिनिटांचं काम. वेग ९० च्या वर जात नाही. एसी बंद. रिक्षा आडवी येत नाही, खड्डा नाही, मागच्या सीटवर आत्या आणि तिची आंब्याची पेटी नाही. तरी याला फसवणूक म्हणणं मला पटत नाही. दोन गाड्या एकाच तराजूत तोलायच्या तर तराजू असाच लागणार. आपल्याला किती मिळेल याची ती हमी नव्हे, एवढं लक्षात ठेवलं की भांडण मिटतं.

माझी तक्रार वेगळीच आहे, आणि ती आपल्या हिशेबाच्या पद्धतीबद्दल आहे. लिटरला किती किलोमीटर, हे मोजमाप ऐकायला सोपं पण खिशाच्या दृष्टीने चकवणारं आहे. युरोपात उलट मोजतात, शंभर किलोमीटरला किती लिटर. तसं मोजून पाहा. हायवेवर अठराचे बावीस झाले तर शंभर किलोमीटरमागे एक लिटर वाचतं. शहरात दहाचे नुसते बारा झाले तरी तेवढ्याच अंतरात एक लिटर आणि सहाशे-सातशे मिली वाचतं. वाढ चारची आणि बचत कमी, वाढ दोनची आणि बचत जास्त. म्हणजे ज्या बावीसची साडू फुशारकी मारतात तो त्यांच्या खर्चातला किरकोळ भाग. खरं पेट्रोल जळतं वडगाव ते स्वारगेटच्या दरम्यान, आणि तिथला आकडा कुणी कुणाला सांगत नाही.

समजा महिन्याला हजार किलोमीटर गाडी चालते, त्यातले सहाशे शहरात अकराने आणि चारशे हायवेला एकोणीसने. मनातल्या मनात आपण दोन्हींच्या मधला पंधरा धरतो. प्रत्यक्षात पेट्रोल लागतं पंच्याहत्तर लिटरच्या वर, आणि सरासरी येते तेरा. पैकी चोपन्न लिटर एकट्या शहराने खाल्लेलं असतं.

शहर खातं कसं? साधारण अकराशे किलोची गाडी, तीत बसलेले आपण, हे सगळं वजन शून्यापासून चाळीसपर्यंत न्यायचं आणि पुढच्या स्पीडब्रेकरला ब्रेक दाबून ती सगळी मेहनत उष्णता करून हवेत सोडून द्यायची. दोनशे मीटरवर पुन्हा तेच. सिग्नलला उभं राहून एसी चालू ठेवला तर या मापाचं इंजिन तासाला पाऊण ते एक लिटर पेट्रोल जागच्या जागी संपवतं. त्या वेळेपुरतं आपलं मायलेज शून्य असतं.

घाटाचा हिशेब याहून मजेदार आहे. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास वर चढते. चार माणसं आणि सामान धरून दीड टन वजन एवढ्या उंचीवर न्यायला, इंजिनात वाया जाणारी उष्णता धरली, तर पाऊण ते एक लिटर पेट्रोल नुसतं चढायला लागतं. पुढे जाण्याचं वेगळंच. मुंबईहून पुण्याला येताना हा भुर्दंड पडतो. पुण्याहून मुंबईला जाताना मात्र सह्याद्री उतारावर हातभार लावतो. म्हणून पुणेकर मुंबईला पोचल्या पोचल्या गाडीच्या पडद्याचा फोटो पाठवतात आणि परतीचा फोटो कधी येत नाही. येण्याजाण्याचा आकडा मिळून सांगणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची जुनी खोड मात्र अजून गेलेली नाही. आताच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअर असताना अ‍ॅक्सिलेटरवरून पाय काढला की पेट्रोलचा पुरवठा थांबतो, उतारच इंजिन फिरवत राहतो. न्यूट्रल केलं तर इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल सोडावं लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये उलट जास्त जळतं, आणि इंजिनाचा ब्रेक हातचा जातो तो वेगळाच. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर न्यूट्रलमध्ये सोडलेल्या ट्रकांनी काय केलं आहे हे पुणेकरांनी वर्तमानपत्रांत पुन्हा पुन्हा वाचलं आहे.

आता चालवण्याबद्दल, कारण नुसतं पेट्रोल वाचवायचं असतं तर पीएमटीने गेलो असतो. (पीएमपीएमएल म्हणायला हवं. होत नाही.)

सिटीचं इंजिन १२१ पीएसचं, पण ती ताकद मिनिटाला ६६०० फेऱ्यांवर. टॉर्क १४५ न्यूटन मीटर, तोही ४३०० वर. याचा अर्थ वाईहून पाचगणीला पसरणी घाट चढताना पुढे एसटी आली आणि तुम्ही चौथ्यात आरामात असाल, तर गाडी तशीच आरामात राहील. तिसरा टाका, जमलं तर दुसरा, काटा चार हजारांच्या वर जाऊ द्या, मग ती जागी होते आणि जो आवाज काढते तो ऐकण्यासाठी मी काही वेळा विनाकारण गिअर खाली आणतो. क्लच हलका, गिअर लोण्यासारखा पडतो. स्लाव्हिया, व्हर्टस किंवा व्हर्ना यांच्या टर्बो इंजिनांना एवढी मनधरणी लागत नाही, कमी फेऱ्यांवरच ती पाठीत धक्का देतात. ज्यांना ते आवडतं त्यांनी ते घ्यावं. पण टर्बोला उजवा पाय आवरता आला नाही तर शहरात आकडा एकेरी होऊ शकतो, हेही लक्षात ठेवावं.

बैठक खोल आहे. सासूबाई गाडीतून उतरताना "अगं बाई" म्हणतात आणि साडूंना तेवढा मुद्दा पुरतो. पण हीच बुटकी बांधणी शंभरच्या वेगाला कामी येते. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीवरून शंभरावर गेलं की तो दीडपटीहून जास्त होतो. त्या वाऱ्यासमोर दीड मीटरपेक्षा कमी उंचीची सेडान आणि छाती काढून उभी एसयूव्ही यांत फरक पडणारच. वळणावर सिटी कलत नाही, मागे बसलेल्याचे पाय मोकळे राहतात, डिकीत ५०६ लिटर जागा आहे. आमच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरून मात्र ती तिरकी घालावी लागते. तो स्पीडब्रेकर कुणी आणि कोणत्या मापाने बांधला हा संशोधनाचा विषय आहे.

तरीही लोक सेडान घेईनासे झाले आहेत. या वर्गातली सर्वांत काटकसरी म्हणून मिरवणारी मारुतीची सियाझ २०२५ मध्ये बंद झाली. सिटीचं डिझेलही २०२३ मध्येच गेलं. रस्ते असे आहेत की उंच गाडी हवीशी वाटते, त्यात लोकांचा दोष काढता येत नाही.

परत आकड्याकडे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे मिश्रणाची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी उतरते. २०२१ मध्ये नीती आयोगाच्या आराखड्यातही जुन्या धर्तीच्या चारचाकींचं मायलेज इतकंच घटेल असं म्हटलं होतं. नव्या इंजिनांत घट बरीच कमी. सांगली-कोल्हापूरकडचे नातेवाईक या विषयावर फार बोलत नाहीत. त्यांचा ऊस त्यात आहे.

शेवटी घ्यायचं काय, हे विचारणाऱ्यांसाठी. शहरातली उधळपट्टी थांबवायचा खरा उपाय सिटीच्या हायब्रिडमध्ये आहे. शहरात चाकं बहुतेक वेळ विजेच्या मोटरवर फिरतात आणि ब्रेक लावल्यावर वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत येते. डिकी मात्र लहान होते. वर्षाला दहा हजार किलोमीटर केवळ शहरात चालत असतील आणि अकराच्या जागी वीस मिळाले, तर चारशे लिटर, म्हणजे आजच्या शंभरीपारच्या दराने चाळीस हजारांच्या वर वाचतात. किमतीतला फरक तीन लाख धरला तरी तो फिटायला सात वर्षं लागतात. गाडी रोज शहरात, तीही भरपूर, फिरणार असेल आणि दहा वर्षं ठेवायची असेल तरच हायब्रिड घ्या. महिन्यातून दोनदा गावाकडे जाणाऱ्याला साधी पेट्रोल मॅन्युअल पुरे आहे. आणि वर्षाला पाच हजारही होत नसतील, तर मायलेज हा प्रश्न सोडून द्या आणि जी चालवायला आवडेल ती घ्या.