बी.एड.ची पेरणी करताय, पण मशागत झाली का?

रान नांगरून, पाळी घालून, काडीकचरा वेचून झाल्याशिवाय आपण तिफण धरत नाही. पोराच्या शिक्षणात मात्र आपण नेमके उलटे करतो. बी.ए.चा निकाल लागला की घरात ठरते, "आता याला बी.एड.ला घालून टाकू, मास्तर तरी होईल." पोखर्णी असो, दैठणा असो की गंगाखेड, पारावरची ही चर्चा सगळीकडे सारखीच. कोणत्या कॉलेजात नंबर लागेल, फी किती, खोली कुठे करायची, एवढेच विचारले जाते. बी.ए.च्या तीन वर्षांत पोराने नेमके काय वाचले, हे कुणी विचारत नाही. खरी गोम इथेच आहे.

विशेषतः समाजशास्त्राचा, म्हणजे इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्राचा शिक्षक व्हायचे असेल, तर एक गोष्ट नीट समजून घ्या. बी.एड.मध्ये शिकवावे कसे, हे शिकवतात. काय शिकवायचे, ते येताना सोबत आणावे लागते. पाठ टाचण, सूक्ष्म अध्यापन, सराव पाठ, मानसशास्त्र, मूल्यमापन या रगाड्यात १८५७ चा उठाव किंवा मोसमी वारे पहिल्यापासून शिकायला वेळ उरत नाही. ज्याचा विषय कच्चा, त्याचा पाठही कच्चा. वर्गातली लेकरं ते पहिल्या दहा मिनिटांत ओळखतात.

अभ्यासक्रम आता पूर्वीचा राहिला नाही

पूर्वी बी.एड. एका वर्षात उरकत असे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनंतर, २०१५ पासून ते दोन वर्षांचे झाले. प्रवेशासाठी पदवी किंवा पदव्युत्तर परीक्षेत किमान ५० टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांना सवलत आहे. राज्याची सीईटी १०० गुणांची असते: बुद्धिमापन ४०, सामान्य ज्ञान ३० आणि शिक्षक अभियोग्यता ३०. वेळ दीड तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

हजेरीचा नियमही कडक आहे. वर्गातील कामाला ८० टक्के आणि शाळेतील आंतरवासितेला ९० टक्के उपस्थिती लागते. ही आंतरवासिता दोन्ही वर्षे मिळून किमान २० आठवड्यांची असते. तेव्हा नाव कॉलेजात आणि पोरगं कापूस वेचणीला, असे गणित बसत नाही. घरातला एक कर्ता हात दोन वर्षे शेतीतून कमी होणार, हे धरूनच चाला. घरी बसून मुक्त विद्यापीठातून बी.एड. करू, असेही काहींना वाटते. पण तो मार्ग मुख्यतः सेवेत असलेल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी आहे, नुसत्या पदवीधराला तो उपयोगाचा नाही.

पहिली मशागत: बी.ए.चे विषय

आपला परभणी जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतो. इथल्या कॉलेजात बी.ए.ला नाव घालताना "सोपा विषय कोणता?" हा प्रश्न आधी येतो. पुढे बी.एड.ला अध्यापन पद्धती मात्र बहुतेक ठिकाणी पदवीचे विषय पाहून मिळते, आणि भरतीच्या वेळीही पदवीचा विषय पाहिला जातो. म्हणून हा निर्णय बारावीनंतरच्या जूनमध्ये होतो, बी.एड.च्या वेळी नव्हे.

इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र यांपैकी निदान दोन विषय पदवीला असावेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता मुख्य आणि दुय्यम अशी विषयांची मांडणी आली आहे. इतिहास मुख्य आणि भूगोल किंवा राज्यशास्त्र दुय्यम, अशी जोडी मिळत असेल तर उत्तम. अनेक शाळांत एकाच शिक्षकाला इतिहासही शिकवावा लागतो आणि भूगोलही. ज्याने दहावीनंतर नकाशा हातात धरला नाही, त्याची तिथे तारांबळ उडते.

दुसरी मशागत: शाळेचीच पुस्तके

हे सांगितले की पदवीधर पोरांना कमीपणा वाटतो. पण बालभारतीची सहावी ते दहावीची इतिहास, नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र आणि भूगोलाची पुस्तके घ्या आणि ओळीने वाचा. दहावीला इतिहास व राज्यशास्त्राची ४० गुणांची आणि भूगोलाची ४० गुणांची लेखी परीक्षा बालभारतीच्या पुस्तकांवरच झालेली आहे. रोज एक पाठ वाचायचा, पुस्तक मिटायचे आणि तोच पाठ धाकट्या भावंडाला दहा मिनिटांत सांगायचा. जिथे अडखळाल, तिथे तुमचा विषय कच्चा आहे. मग त्या जागी पदवीचे पुस्तक उघडा. असे वर्षभर केले तर सीईटीच्या सामान्य ज्ञानाची तयारीही आपसूक होते.

तिसरी मशागत: आपले गावच

समाजशास्त्राच्या शिक्षकाला लागणारी निम्मी सामग्री गावातच पडलेली आहे. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, पण मराठवाड्याला १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, म्हणजे आणखी तेरा महिने निजामाच्या राजवटीत काढावे लागले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. हे पुस्तकात चार ओळींत संपते. ज्यांनी ते दिवस लेकराच्या डोळ्यांनी पाहिले, ती माणसे आता पंच्याऐंशी-नव्वदीत आहेत. ती आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून वहीत लिहून घ्या.

१९७२ चा दुष्काळ आठवणारे तर गल्लोगल्ली भेटतील. खडी फोडायला कोण गेले, मजुरी किती मिळाली, सुकडी कुठे वाटली, ते विचारा. त्या कामांच्या अनुभवातून राज्याचा रोजगार हमी कायदा १९७७ साली झाला आणि २००५ साली संसदेने देशासाठी तसा कायदा केला. एका खडी केंद्रापासून संसदेपर्यंतचा हा धागा ज्याला उलगडून सांगता येतो, त्याच्या वर्गात पोरं झोपत नाहीत.

भूगोलाचेही तसेच. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली, लोकार्पण १९७६ साली इंदिरा गांधींनी केले, आणि त्याचा डावा कालवा परभणी जिल्ह्यापर्यंत येतो. कालव्याच्या शेवटाला पाणी का पोहोचत नाही, हा प्रश्न आपल्याला दरसाल पडतो. उतार, गळती, वरचा उपसा, पिकांची निवड असे सगळे प्रकरण त्यात येते. पोखर्णीचे नृसिंह मंदिर, तिथल्या यात्रेचा बाजार, परभणी-परळी लोहमार्गावरचे आपले स्टेशन, या प्रत्येकाचा शोध घेता येतो. तो मार्ग कधी आणि कुणाच्या सोयीसाठी टाकला? स्टेशन झाल्यावर बाजारात काय बदलले? पोराला हे शोधायला लावा.

इथे गावच्या कारभाऱ्यांना एक विनंती. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी (नवी नावे काहीही असोत) यांनी बी.ए.च्या मुला-मुलींना ग्रामसभेला आवर्जून बोलवावे. सातबारा कसा वाचतात, गावाचा आराखडा कसा होतो, पंचायतीचा पैसा कुठून येतो, हे तासभर समजावून सांगावे. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, हे पुस्तक सांगते. ती गावात कशी चालते किंवा का चालत नाही, हे तुम्हीच दाखवू शकता.

खळ्यावर काय पडते, तेही पाहा

आता रोकडा हिशेब. बी.एड. झाले म्हणजे नोकरी लागली, असे नाही. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा दुसरा पेपर उत्तीर्ण व्हावा लागतो. १५० गुणांपैकी ६० गुण सामाजिक शास्त्रांना आहेत. खुल्या प्रवर्गाला उत्तीर्ण होण्यास ९० गुण लागतात. त्यानंतर २०० गुणांची अभियोग्यता चाचणी आणि तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलमार्फत निवड. ही चाचणी २०१७, २०२३ आणि २०२५ साली झाली. मधली अंतरे पाहा, म्हणजे थांबावे किती लागते ते कळेल. निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक. माध्यमिकसाठी त्याचे मानधन २०२३ च्या वाढीनंतर महिना १८ हजार रुपये झाले. शिवाय ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पहिली ते पाचवीचा दरवाजा बी.एड.वाल्यांना बंद झाला आहे.

म्हणून एकर-दोन एकर विकून बी.एड. करण्याआधी पोराला समोर बसवून तीन प्रश्न विचारा. पदवीचे विषय शाळेत शिकवायच्या विषयांशी जुळतात का? दहावीचा कोणताही एक पाठ पुस्तक न पाहता समजावता येतो का? आणि नोकरी चार वर्षे लागली नाही, तर दुसरा उद्योग काय करणार? पहिल्या दोन प्रश्नांना "हो" आणि तिसऱ्याला धड उत्तर मिळाले, तर खुशाल पाठवा. नाहीतर एक वर्ष थांबा. त्या वर्षात पुस्तके वाचून होतील, सीईटीची तयारी होईल आणि शेतीतला हातही सुटणार नाही.

लेक असेल तर तिलाही हेच तीन प्रश्न विचारा, आणि उत्तर नीट आले तर तिलाही तेवढ्याच खुशीने पाठवा. मुलाच्या फीला जमीन आणि मुलीच्या वेळी "बघू पुढे", हे आता पुरे. प्रवेश घेण्याआधी त्या कॉलेजला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता चालू आहे का, हे मात्र कागद पाहून खात्री करून घ्या. तोंडी भरवशावर पैसे भरू नका.