विदर्भाच्या कॅलिफोर्नियाला समुद्र हवा!

वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्याला 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' म्हणतात. माझं शेंदूरजनाघाट त्यातलंच. फरक एवढाच, की अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाला पॅसिफिक आहे आणि आमच्या वाट्याला सातपुड्याचा पायथा! समुद्र बघायचा तर अमरावतीला यायचं, रात्रभर मुंबईच्या गाडीत काढायची आणि मग पुढे अलिबाग.

पुण्या-मुंबईत नोकरी करणारी आमच्याकडची पोरं घरच्यांना एकदा तरी समुद्र दाखवतातच. प्रोग्रॅम ठरलेला. पाय भिजवायचे, घोडागाडी, शहाळं आणि तीनशे फोटो. तासाभरात सगळे 'आता काय?' असा चेहरा करून बसतात. म्हणून यंदा आम्ही बॅगेत स्केचबुकं आणि वॉटरकलरचा डबा टाकला.

भाचीनं, बायकोनं, मी, सगळ्यांनी झटकन निळा रंग उचलला. फोनवर 'जेवला का?'च्या पुढे न जाणारे बाबा म्हणाले, "निळा कुठी हाये रे? हे तं नदीच्या पुरावानी मातकट हाये." अगदी करेक्ट! खाड्यांमधून येणाऱ्या गाळामुळे इथलं पाणी मातकट दिसतं. निळा असतो तो आपल्या डोक्यातला समुद्र.

मग बाबा बोलतच राहिले. ज्या गावात 'बोअरला पाणी किती फुटावर लागलं' हाच गप्पांचा विषय, आंबिया बहारासाठी झाडांना मुद्दाम पाण्याचा ताण द्यायचा पण उन्हाळ्यात बाग जगवताना जीव मेटाकुटीला यायचा, तिथला माणूस हा! "एवढं पाणी, अन् एका झाडाच्या कामाचं नाई," ते म्हणाले. बागेसाठी काढलेल्या कर्जाचा विषय त्यांनी पहिल्यांदा काढला तो तिथेच.

आता थोडं कामाचं. क्षितिज नेहमी तुमच्या डोळ्यांच्या रेषेत असतं. बसलात की खाली, उभे राहिलात की वर. ते पट्टी लावल्यासारखं सरळ काढा, नाहीतर समुद्र सांडतो! फेसासाठी पांढरा रंग नको, कागद कोरा सोडा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की छान करडा रंग मिळतो. ब्रश धुवायला पाणी घरून न्या. आणि घाई करा, कारण ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाणारी माणसं तुमचं चित्र पूर्ण होईपर्यंत तिथे नसतील. भरती कोणासाठी थांबत नाही, बॉस!

चित्र जमेल का, हे टेन्शन सोडा. वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले, म्हणजे तेही विदर्भातलेच. पुढे मुंबईत समुद्राकाठच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा स्टुडिओ होता. तासन् तास बघत राहायचं आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रं काढायची, असा त्यांचा खाक्या. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. आपल्याला गुगेनहाइम नको, पण तासभर बघत बसणं तर जमेल?

या बसण्यातली खरी गंमत वेगळीच आहे. आई-बाबांसमोर बसून 'बोला' म्हटलं की कोणी बोलत नाही. पण सगळ्यांची तोंडं समुद्राकडे आणि हात रंगात असले, की अडलेलं बोलणं आपोआप निघतं. पुढच्या ट्रिपला कॅमेऱ्याच्या चार्जरशेजारी एक ब्रश टाकाच.