मोकाट कुत्रीं आणि गरिबांच्या शेळ्या

शेळ्यामेंढ्यांचा शत्रु कोण, असें नगर तालुक्यांत कोणासहि विचारलें तर तो प्रथम बिबट्याचें नांव घेईल, मागाहून लांडग्याचें. दोन्ही उत्तरें खोटीं नाहींत. उंसाच्या पट्ट्यांत बिबट्याचें भय आहेच, आणि पारनेर, श्रीगोंदें, कर्जत या बाजूच्या माळांवर लांडगा अजून फिरतो. परंतु नागापूर व आसपासच्या वस्त्यांपुरतें बोलावयाचें, तर गरिबाच्या दावणीस आज सर्वांत मोठा धोका मोकाट कुत्र्यांच्या टोळ्यांचा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. त्याची कोठेंहि नोंद होत नाहीं, म्हणूनच त्यावर उपायहि होत नाहीं.

नागापुरास एका बाजूस कारखान्यांची वसाहत, मधून मनमाडचा रस्ता व त्यावरील खानावळी, आणि जवळून सीनेचें पात्र. जेथें उष्टें, कोंबड्यांचीं आंतडीं आणि मेलेलीं जनावरें उघड्यावर पडतात, तेथें कुत्रीं जमावयाचींच. दिवसा तीं आळसावून पडतात. रात्रीं आठ-दहांची टोळी होऊन शिवाराकडे वळते. बरें, दाद मागावयाची कोणाकडे? नागापूर २००३ सालीं झालेल्या महानगरपालिकेच्या हद्दींत. शेजारचें नवनागापूर ग्रामपंचायतीचें. मधली वसाहत औद्योगिक महामंडळाची. तीन हद्दी माणसांस ठाऊक, कुत्र्यांस नव्हेत!

आमची उमर कचेरींत पंचनामे उतरून घेण्यांत गेली, त्यामुळें ही गोष्ट आम्हांस विशेष जाणवते. वाघ, बिबट्या, लांडगा, तरस, कोल्हा यांनीं जनावर मारलें तर वनखातें भरपाई देतें. २०२२ च्या सरकारी ठरावांत शेळी-मेंढीसाठीं बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांपैकीं कमी असेल ती रक्कम ठरविली आहे. त्या यादींत रानकुत्राहि आहे, गांवकुत्रा नाहीं. तो वन्य नसल्यामुळें वनखात्याचा संबंध येत नाहीं, हें कायद्यानें बरोबरच आहे. पण परिणाम काय होतो तें पाहावें.

आमच्या माहितींतील एका मोलमजुरी करणाऱ्या बाईच्या दोन गाभण शेळ्या एका रात्रींत कुत्र्यांनीं फाडल्या. शेजाऱ्यांनीं सल्ला दिला, “मावशी, लांडगा म्हणून सांगा, कांहीं तरी पदरांत पडेल.” तिनें तसें सांगितलें. पाहणीस आलेल्या माणसानें मागच्या तंगड्या व कास फाटलेली पाहिली आणि हें लांडग्याचें काम नव्हे म्हणून कागद मिटला. त्याचें निदान चुकीचें नव्हतें. लांडगा बहुधा गळा धरतो, मारतो आणि शक्य तर उचलून नेतो. कुत्रीं मागून धरतात, मांड्या, कान, कास ओरबाडतात, चार जनावरें लोळवितात आणि खातात थोडेंच. परंतु लांडगा नव्हे, इतकेंच त्या कागदावर राहिलें. मग कोण, हें कोणीं लिहिलें नाहीं, आणि त्या बाईस दोन शेळ्यांबद्दल कोणाकडूनहि एक पै मिळाली नाहीं.

या खोट्या नांवानें लांडग्याचेंहि नुकसान होतें. इंग्रजी अमलांत त्याच्या कातड्यामागें सरकारी इनाम मिळे. १९७२ च्या कायद्यापासून त्यास संरक्षण आहे. तरी कुत्र्याच्या पापासाठीं माळावर विषाचें मांस टाकणारे लोक आहेत. त्यानें लांडगा मरतो, घार-गिधाड मरतें आणि धनगराचा राखणीचा कुत्राहि मरतो. हा मार्ग बेकायदा तर आहेच, शिवाय मूर्खपणाचा आहे.

२०१९ च्या पशुगणनेंत महाराष्ट्रांतील मोकाट कुत्रीं सुमारें १२ लाख ७६ हजार भरलीं. त्यांनीं मारलेल्या शेळ्या मोजण्यास मात्र रकाना नाहीं. २०२३ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें कुत्र्यांची नसबंदी व लसटोचणी करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर, म्हणजे ग्रामपंचायतींवरहि आहे. आणि कुत्रें जेथून धरलें तेथेंच सोडावयाचें आहे. शहरांतील गल्लीस हा नियम शोभेल. पण ज्या टोळीस शेळ्या फाडण्याची चटक लागली, ती त्याच गोठ्यापुढें पुन्हा सोडणें आम्हांस पटत नाहीं. या बाबतींत नियमांत फेर व्हावा.

तोंवर आपलें आपण जपणें प्राप्त आहे. गोठ्यास दार व वरून छप्पर असावें. जाळी हातभर जमिनींत पुरावी, कारण कुत्रीं उकरून आंत शिरतात. उघड्यावर बसणाऱ्या कळपास धनगरांची वाघूर व भोंवतीं बाभळीच्या फांद्यांची फेसाटी अजूनहि उपयोगी पडते. चावलेल्या जनावराची जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं पशुवैद्याकडून लस टोचून घ्यावी. आणखी एक गोष्ट आमचे बंधु हमखास विसरतात: जनावर लाळ गाळूं लागलें व त्यास गिळवेनासें झालें, तर घशांत कांहीं अडकलें असेल म्हणून तोंडांत हात घालूं नये. तें पिसाळलेलें असूं शकतें, आणि पिसाळण्याचा रोग माणसांत एकदां दिसूं लागल्यावर त्यावर औषध नाहीं.

मुख्य काम कागदाचें आहे. जनावर कुत्र्यांनीं मारलें असेल तर अर्जांत कुत्र्यांनींच असें लिहावें, लांडगा लिहूं नये, पशुवैद्याकडून शवाची तपासणी करवून दाखला घ्यावा, फोटो काढावे. नागापुरांतील अर्ज महानगरपालिकेकडे, नवनागापुरांतील ग्रामपंचायतीकडे, आणि वसाहतीच्या कडेची घटना असेल तर तिसरी प्रत महामंडळाकडे द्यावी. ग्रामपंचायत असेल तेथें २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबर यांपैकीं जी ग्रामसभा जवळ असेल, तींत अशा मृत जनावरांची यादी वाचून गांवकुत्र्यांनीं केलेल्या हानीसहि भरपाई लागू करावी असा ठराव मांडावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरूं नये.