वॅटांची पावणी

गेल्या रविवारी आमच्या गावच्या देवस्थान समितीची बैठक झाली. विषय एकच होता. जत्रेच्या नाटकाला आणि भजनी सप्ताहाला दरवर्षी भाड्याने साऊंड आणण्यापेक्षा स्वतःचे स्पीकर घ्यावेत का? प्रश्न रास्त होता. पण चर्चा सुरू झाली आणि पाच मिनिटांत तिची पावणी झाली. एकाने मोबाईलवर नव्याकोऱ्या पॉवर्ड स्पीकरची जाहिरात दाखवली, हजार वॅट. दुसऱ्याने तेराशेचा काढला. तिसरा म्हणाला, "हा गेल्याच महिन्यात जाहीर झालाय, दोन हजार!" देवापुढच्या नारळालासुद्धा इतक्या भराभर बोली लागत नाही. मी एवढंच विचारलं, की हा कुणी ऐकलाय का? त्यावर आमचे खजिनदार म्हणाले, "ऐकायला कशाला पाहिजे? कंपनीने लिहिलंय ना!"

हा लेख त्या वाक्यावरचा राग आहे, हे आधीच कबूल करतो.

मी सरकारी कारकून. कोटेशनं मागवणं, तुलनात्मक तक्ता करणं आणि सर्वांत कमी दरापुढे बरोबरची खूण करणं यात माझी वीस वर्षं गेली. कागदावर लिहिलेल्या गुणांची किंमत मला चांगली ठाऊक आहे. ज्या रकान्यात आकडा लिहिता येतो त्या रकान्याला मान मिळतो, आणि ज्यात येत नाही तो 'इतर' होतो. स्पीकरच्या बाबतीत वॅट हा आकड्याचा रकाना. शब्द कळतात का, आणि पाच पावसाळ्यांनंतर डबा चालू असेल का, हे दोन्ही 'इतर'मध्ये.

बरं, हे वॅट तरी कसले? जाहिरातीतला मोठा आकडा बहुतेक वेळा 'पीक'चा असतो, म्हणजे ॲम्प्लिफायर क्षणभर देऊ शकेल ती ताकद. सलग मिळणारी ताकद त्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी. आणि समजा, वॅट खरोखर दुप्पट झाले, तरी आवाज वाढतो तीन डेसिबल, कानाला जेमतेम जाणवेल इतका. आवाज दुप्पट मोठा वाटायला दहापट वॅट लागतात. म्हणजे हजारावरून दोन हजारांवर जाण्यासाठी आपण जे जादा पैसे मोजणार, त्यात नाटकाच्या शेवटच्या रांगेला काय मिळणार? जवळजवळ काही नाही.

'कमाल १२८ डेसिबल' हाही असाच एक आकडा. तो अनेकदा मोजलेला नसतो, एका वॅटला किती आवाज येतो त्यावरून गणिताने काढलेला असतो. प्रत्यक्षात आतली तार तापते, तिचा विद्युतरोध वाढतो आणि आवाज खाली येतो. शिवाय हा आकडा स्पीकरपासून एक मीटरवरचा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल जातात, म्हणजे ३२ मीटरवर तीस डेसिबल गेले. उरले ९८, तेही क्षणिक शिखराचे. सरासरी त्याच्या आणखी दहा-बारा डेसिबल खाली. आणि हे सगळं करून वापरायचं कुठे? ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ७५ डेसिबलच्या पुढे जाता येत नाही, आणि काही खास दिवसांची सवलत सोडली तर रात्री दहाला सगळं बंद.

खरं मोजमाप करता येत नाही असं नाही. ऑडिओ इंजिनियरिंग सोसायटीने २०२२ साली एईएस७५ नावाची पद्धत प्रसिद्ध केली. संगीताच्या चढउतारांशी जुळणारा एक गोंगाट स्पीकरमधून हळूहळू वाढवत न्यायचा, आणि ज्या पातळीला स्पीकर मूळ आवाज बदलू लागतो तिथे थांबायचं. तीच त्याची खरी कमाल पातळी. आमच्या बैठकीतल्या एकाही जाहिरातीत या पद्धतीचा आकडा नव्हता.

आता मुद्द्याचं. आपल्याला आवाज नकोय, शब्द हवे आहेत. मराठी नाटकात अर्थ व्यंजनांवर उभा असतो. च, ट, स, श ही अक्षरं वरच्या पट्टीत राहतात, साधारण दोन हजार हर्ट्झच्या पुढे. तो सगळा भाग डब्यातल्या छोट्या भोंग्याकडून येतो, बारा किंवा पंधरा इंची मोठ्या कोनातून नव्हे. भोंगा सुमार असेल तर आवाज भरदार वाटतो आणि शब्द वाहून जातात. गेल्या वर्षी भाड्याच्या 'जबरदस्त' साऊंडवर संगीत नाटक झालं, तेव्हा माझ्या शेजारी बसलेली म्हातारी म्हणाली, "आवाज खूब येता, पूण उतरां येनात." पन्नास वर्षं नाटकं बघणाऱ्या बाईचा हा निकाल. वॅटवाल्यांनी तो भिंतीवर लिहून ठेवावा.

पॉवर्ड स्पीकरशी माझं भांडण नाही. १९९५ साली जेबीएलचा ईऑन आला तेव्हापासून या डब्यांनी छोट्या मंडळांचे कष्ट खरोखर कमी केले. वेगळा ॲम्प्लिफायर नको, तारांचा गुंता नको. पण त्या सोयीची एक किंमत आहे, आणि ती जाहिरातीत छापत नाहीत. पूर्वी आहुजाचा ॲम्प्लिफायर बंद पडला तर दुसरा जोडून नाटक पुढे चालू व्हायचं. आता सगळी वीजयंत्रणा डब्याच्या पोटात. एक बोर्ड गेला की अख्खा डबा मुका. त्या बोर्डावरच्या कपॅसिटरांचं आयुष्य उष्णतेवर ठरतं, दहा अंश तापमान वाढलं की साधारण निम्मं होतं. बंद खोलीत चार महिने ओल, मग जत्रेच्या रात्री जनरेटरचा हेलकावणारा दाब. हा आपला गोवा. पंखा दमट हवा आत ओढतो, धूळ बसते, धुळीवर ओल धरते. बोर्डावर संरक्षक लेप आहे का, हे कुठल्या विक्रेत्याला विचारून बघा. तो तुम्हाला पुन्हा वॅट सांगेल!

शेजारच्या वाड्यावरच्या मंडळाने काही वर्षांपूर्वी असाच 'नुकताच जाहीर झालेला' जोड घेतला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एक बंद पडला. तोवर ते मॉडेल बाजारातून गेलं होतं, आणि बोर्ड मिळेना. तो डबा आज देवळाच्या कोठीत आहे, त्याच्यावर समया ठेवतात. ते पैसे कुणा श्रीमंताचे नव्हते. घरटी वर्गणीचे होते.

म्हणून मी म्हणतो, गेल्या महिन्यात जाहीर झालेला स्पीकर टिकाऊ आहे असं म्हणणं हे अज्ञान नाही, खोटं बोलणं आहे. टिकाऊपणा काळाशिवाय कळूच शकत नाही. पहिल्या आठवड्यात परीक्षण लिहिणारा फार तर आवाजाबद्दल बोलू शकतो, तोही स्वतःच्या कोरड्या खोलीतला. उलट क्यूएससीची के मालिका २००९ साली आली आणि तिची पुढची आवृत्ती २०१७ साली. इतकी वर्षं बाजारात असलेल्या मालाच्या खोडी लोकांना माहीत होतात, सुटे भाग कुठे मिळतात तेही कळतं. कुणी म्हणेल, तंत्रज्ञान पुढे जातं आणि हे जुन्याला कवटाळून बसलेत. जाऊ दे की पुढे! त्याची पहिली चाचणी आमच्या वर्गणीवर कशाला?

आणि विचारायचंच असेल तर तियात्राच्या साऊंडवाल्यांना विचारा. आज मडगाव, उद्या कुडचडे, परवा काणकोण, रोज टेम्पोत चढउतार. त्यांच्याकडे सहा-सात वर्षांपूर्वीचे कुठले डबे अजून चालतात, याच्यासारखा दाखला नाही. पण आमच्या समितीला त्यांच्याकडे जायला कमीपणा वाटतो. तियात्र कोकणी, आपलं नाटक मराठी! आवाजाला हा वाद कळत नाही.

ऐकायची रीतही सोपी आहे. दोन डबे शेजारी ठेवा आणि आधी दोघांचा आवाज कानाला सारखा करा, कारण जरासा मोठा वाजणारा डबा नेहमीच सरस वाटतो. दुकानदार याच फरकावर जगतात. मग गाणं लावू नका. गावातल्याच एकाला माईकवर वर्तमानपत्र वाचायला सांगा आणि स्वतः शेवटच्या रांगेत जा. मग अगदी कडेला, खांबाआड, जिथे बायका बसतात तिथे. भोंगा कडेला किती पोचतो ते तिथेच कळतं. नंतर पखवाज लावून आवाज चढवा. काही डब्यांत स्वतःला वाचवण्यासाठी खालचा आवाज गुपचूप कापला जातो, आणि पखवाजाची टिमकी होते.

मी दुकानदाराला फोन करून विचारलं, की दोन हजारवाला जोड एका रात्रीपुरता देवळात आणून वाजवून दाखवाल का? म्हणाले, नवीन माल आहे, खोका फोडता येणार नाही. दुरुस्तीला कुठे पाठवायचा, विचारलं. "बघू, मुंबईला पाठवू." बोर्डाची किंमत त्यांना ठाऊक नव्हती.

येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे. ही दोन्ही उत्तरं मी तक्त्यात लिहून नेणार आहे, वॅटच्या शेजारच्या रकान्यात. सही करायला अजून तरी दुसरा सभासद मिळालेला नाही.