‘मेन’चा स्फोट आणि न सापडलेली तार : १८९८ च्या युद्धाचे आरोपी कोण?

१/ १८९८ च्या अमेरिका-स्पेन युद्धाविषयी एक गोष्ट हमखास सांगितली जाते. चित्रकार फ्रेडरिक रेमिंग्टन क्यूबातून तार करतो, की येथे सर्व शांत आहे, युद्ध होणार नाही. न्यूयॉर्कमधील वृत्तपत्रमालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट उलट तार धाडतो, की चित्रांचे तुम्ही पाहा, युद्धाचे मी पाहतो. गोष्ट चटकदार आहे; पुराव्याच्या कसोटीवर मात्र ती टिकत नाही.

२/ ही कथा जगापुढे आणली जेम्स क्रीलमन या वार्ताहराने, १९०१ सालच्या आपल्या पुस्तकात. रेमिंग्टन क्यूबात पोहोचला जानेवारी १८९७ मध्ये, आणि तेव्हा क्रीलमन युरोपात होता. मूळ तार आजवर सापडलेली नाही. हर्स्टने ती पाठवल्याचे नाकारले. शिवाय क्यूबात शांतता होती कुठे? फेब्रुवारी १८९५ पासून तेथे स्पेनविरुद्ध सशस्त्र उठाव धगधगत होता.

३/ तरीही ही गोष्ट मरत नाही, कारण ती सर्वांच्याच सोयीची आहे. एक खलनायक हाती लागला, की काँग्रेस, राष्ट्राध्यक्ष, मतदार आणि वाचक हे सारे निर्दोष सुटतात. पुराव्याविना एकाच माणसाला गुन्हेगार ठरवून मोकळे होणे हे तर खुद्द हर्स्टचेच तंत्र होते. त्याच्या वृत्तपत्रावरील खरा आरोप अधिक गंभीर आहे, आणि तो सिद्ध करण्यास संशयास्पद तारेची गरज नाही.

४/ प्रथम धंदा. जोसेफ पुलित्झरने १८८३ मध्ये ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ विकत घेतले, हर्स्टने १८९५ मध्ये ‘न्यूयॉर्क जर्नल’. अंकाची किंमत एक-दोन सेंट, आणि भिस्त सारी खपावर. ‘वर्ल्ड’मधील पिवळ्या झग्यातील पोराचे लोकप्रिय व्यंगचित्र हर्स्टने चित्रकारासकट आपल्याकडे ओढले. ‘पीत पत्रकारिता’ हा शब्द त्याच चढाओढीतून रूढ झाला.

५/ येथे एक सत्य मान्य केलेच पाहिजे: क्यूबातील अत्याचार कपोलकल्पित नव्हते. १८९६ मध्ये आलेल्या जनरल वेलरने ग्रामीण जनतेला गावे सोडायला लावून तटबंद छावण्यांत कोंडले. भूक आणि रोगराईने लाखाहून अधिक माणसे दगावली, असे अनेक इतिहासकार मानतात. म्हणजे बातमी खरी होती, आणि तीच पुरेशी भीषण होती. तरीही पीत पत्रांना ती पुरेशी वाटली नाही, आणि त्यांचा अपराध येथून सुरू होतो.

६/ फेब्रुवारी १८९७. ‘ऑलिव्हेट’ या अमेरिकन जहाजावर स्पॅनिश अधिकाऱ्यांनी क्यूबन स्त्रियांची झडती घेतल्याची बातमी ‘जर्नल’ने छापली. सोबत रेमिंग्टनचे चित्र: पुरुष अधिकाऱ्यांच्या घोळक्यात उभी विवस्त्र तरुणी. वस्तुतः झडती स्त्रियांनीच घेतली होती. हे उघड केले ते प्रतिस्पर्धी ‘वर्ल्ड’ने, त्याच स्त्रियांपैकी एकीला विचारून. मूळ वृत्त लिहिणारा रिचर्ड हार्डिंग डेव्हिस या प्रकाराने इतका संतापला, की त्याने हर्स्टची साथ सोडली.

७/ या चित्राने काय साधले? छावण्यांत उपाशी मरणारी हजारो माणसे मागे पडली आणि एका स्त्रीची विटंबना पुढे आली. उपासमारीला अन्न, वैद्यकीय मदत, मुत्सद्देगिरी अशी उत्तरे असतात. अब्रूच्या प्रश्नाला तलवारीखेरीज दुसरे उत्तर सुचू दिले जात नाही. दुसऱ्या देशातील दुःखाचे आपल्या राष्ट्राच्या अपमानात रूपांतर करणे, ही युद्धाकडे नेणारी पहिली पायरी.

८/ पुढची ठिणगी ९ फेब्रुवारी १८९८ ची. स्पेनचा वॉशिंग्टनमधील राजदूत द्युपुय द लोम याचे, राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांना दुबळे म्हणणारे खाजगी पत्र क्यूबन बंडखोरांच्या हाती लागले आणि ‘जर्नल’च्या पहिल्या पानावर झळकले. पत्र अस्सल होते आणि राजदूताने राजीनामाही दिला. पण एका मुत्सद्द्याची खाजगी कुचेष्टा अमेरिकेच्या इतिहासातील घोर अपमान म्हणून विकली गेली.

९/ सहाच दिवसांनी, १५ फेब्रुवारीच्या रात्री, हवानाच्या बंदरात ‘मेन’ या अमेरिकन युद्धनौकेचा स्फोट झाला. अडीचशेहून अधिक खलाशी ठार झाले. नौकेचा कप्तान सिग्जबी याने त्याच रात्री तार केली, की पुढील अहवाल येईपर्यंत लोकांनी मत बनवू नये. ज्याची माणसे डोळ्यांदेखत मेली, तो धीर धरा म्हणत होता.

१०/ १७ फेब्रुवारीला ‘जर्नल’ने मथळाच दिला, की हा विध्वंस शत्रूचे कृत्य आहे, आणि गुन्हेगार दाखवणाऱ्यास ५०,००० डॉलरचे बक्षीस लावले. नौदलाचे चौकशी न्यायालय हवानात बसले २१ फेब्रुवारीला. न्यायालयाच्या पहिल्या बैठकीच्या चार दिवस आधीच निकाल छापून विकला गेला होता.

११/ मार्चअखेर चौकशीने पाणसुरुंगाचा निष्कर्ष काढला, पण दोष कोणावरही निश्चित केला नाही. स्पेनच्या चौकशीने कारण नौकेच्या आतच असल्याचे सांगितले. १९७६ मध्ये अमेरिकेच्याच ॲडमिरल रिकोव्हर यांच्या अभ्यासाने स्पेनच्या मताला पुष्टी दिली: बहुधा कोळशाच्या कोठारातील आगीने शेजारचा दारूगोळा पेटला असावा. वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. त्या कारणावरून पेटलेले युद्ध मात्र चार महिन्यांत उरकले.

१२/ आता बचावपक्ष. मॅकिन्लींचे धोरण पीत पत्रांनी ठरवल्याचा थेट पुरावा नाही, आणि न्यूयॉर्कची दोन वृत्तपत्रे म्हणजे अमेरिका नव्हे, असे अनेक इतिहासकार म्हणतात. आक्षेप रास्त आहे. सिनेटर प्रॉक्टर यांनी क्यूबा स्वतः पाहून १७ मार्चला केलेले संयत भाषणही फार परिणामकारक ठरले. पण या युक्तिवादाने वृत्तपत्रे सुटत नाहीत. आरोपींची संख्या तेवढी वाढते.

१३/ कारण तारखा पाहाव्यात. चौकशीचा अहवाल येण्याआधीच, ९ मार्चपर्यंत, संरक्षणासाठी पाच कोटी डॉलर मंजूर झाले होते: प्रतिनिधीगृहात ३११ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ७६ विरुद्ध ०. विरोधाचे एकही मत नाही! ९ एप्रिलला स्पेनने क्यूबात शस्त्रसंधी देऊ केली. ११ एप्रिलच्या संदेशात मॅकिन्लींनी तिचा उल्लेख जवळजवळ शेवटी, ओझरता केला आणि बळ वापरण्याची परवानगी मागितली. २५ एप्रिलला काँग्रेसने युद्ध घोषित केले.

१४/ वृत्तपत्रांनी मॅकिन्लींच्या हातात लेखणी दिली नाही. त्यांनी थांबणे महाग केले. ज्या वातावरणात संयमाला भेकडपणा म्हटले जाते, तेथे निवडणुकीकडे डोळा असलेला पुढारी संयम दाखवत नाही. म्हणून दोष दोघांचा: थांबू न देणाऱ्यांचा आणि थांबण्याचे धैर्य नसलेल्यांचाही. मे महिन्यात ‘जर्नल’ने पहिल्या पानावरून वाचकांना विचारले, की जर्नलचे युद्ध कसे वाटते? ही फुशारकी पुरावा ठरत नाही. मनोवृत्ती मात्र दाखवते.

१५/ आणि ज्यांच्यासाठी हे सारे, त्या क्यूबनांचे काय झाले? सँतियागो शहर शरण आले तेव्हा क्यूबन सेनापती कालिस्तो गार्सिया यांच्या सैन्याला शहरात प्रवेश नाकारला गेला. डिसेंबर १८९८ च्या पॅरिस तहात क्यूबनांचा प्रतिनिधी नव्हता. १९०१ च्या प्लॅट दुरुस्तीने क्यूबात हस्तक्षेपाचा हक्क अमेरिकेने स्वतःकडे ठेवला.

१६/ त्याच तहाने दोन कोटी डॉलरच्या मोबदल्यात फिलिपिन्स अमेरिकेकडे गेले. फेब्रुवारी १८९९ मध्ये फिलिपिनो स्वातंत्र्यसैनिकांशी युद्ध जुंपले. १९०१ च्या अखेरीस बातांगस प्रांतात अमेरिकन जनरल बेल याने ग्रामीण जनतेला गावे सोडायला लावून ठरावीक हद्दीत कोंडले. भूक आणि रोगराईने तेथेही माणसे मेली. ज्या कृत्यासाठी वेलरला खाटीक म्हटले गेले, त्याच कृत्याची ही आवृत्ती होती.

१७/ अमेरिकेत याविरुद्ध आवाज उठले, १९०२ मध्ये सिनेटच्या समितीने साक्षीही घेतल्या. पण बातांगसच्या माणसांसाठी कोणतेही आरमार निघाले नाही, कोणी ५०,००० डॉलरचे बक्षीस लावले नाही. करुणा खरी असती, तर तिने छावणीवर झेंडा कोणाचा आहे हे पाहिले नसते.

१८/ म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने हर्स्टची तार पुढे पाठवण्याऐवजी तारखांचा क्रम पाठ करावा: १५ फेब्रुवारी स्फोट, १७ फेब्रुवारी मथळा, २१ फेब्रुवारी चौकशीचा आरंभ. पुढच्या वेळी कोणत्याही देशात, कोणत्याही भाषेत युद्धाची आरोळी उठेल, तेव्हा प्रथम हाच क्रम तपासावा. मथळा आधी आणि चौकशी नंतर असेल, तर ‘मेन’ची आठवण ठेवावी.

(समाप्त)