हे कोणाच्या पापाचे फळ?

सिकलसेल हा आजार तुमसर तालुक्यास, किंबहुना अवघ्या पूर्व विदर्भास नवा नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर व नागपूर या जिल्ह्यांत त्याचे रुग्ण आणि वाहक मोठ्या संख्येने आढळतात. दि. १ जुलै २०२३ रोजी पंतप्रधानांनी शेजारच्या मध्य प्रदेशातील शहडोल येथे या आजाराच्या निर्मूलनाच्या राष्ट्रीय अभियानाचा आरंभ केला. शून्य ते चाळीस वर्षे वयाच्या ७ कोटी लोकांची रक्ततपासणी करावयाची आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपवावयाचा, असे उद्दिष्ट ठरले. तपासणीचा कागद घरात येतो तेव्हा त्याच्यामागोमाग एक जुना प्रश्नही येतो. हिंदू शेजारी त्यास पूर्वजन्मीचे कर्म म्हणतो. आपला ख्रिस्ती भाविक धर्मगुरूंना विचारतो, ‘फादर, आमच्या हातून असे काय पाप घडले, की देवाने लेकराला ही शिक्षा द्यावी?’

या प्रश्नाची बोळवण करणे योग्य होणार नाही. कारण त्याच्या उत्तरावर पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात. मूल सांधेदुखीने तळमळत असताना त्यास रुग्णालयात न्यावयाचे की प्रार्थनासभेत. सुरू असलेले औषध चालू ठेवावयाचे की ‘विश्वास कमी पडेल’ म्हणून बंद करावयाचे. सुनेला बोल लावावयाचा की तिच्याजवळ बसावयाचे, हे सारे त्यावर ठरते. बोल बहुधा आईच्याच वाट्याला येतो. वस्तुतः हा आजार मुलास होण्यासाठी आई व वडील या दोघांकडूनही तो गुण यावा लागतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णतः निरोगी असण्याची २५ टक्के असते. हा हिशेब सज्जनाच्या घरी एक व दुर्जनाच्या घरी दुसरा, असा होत नाही. बाप्तिस्म्याने आदिपाप धुतले जाते, हिमोग्लोबिन बदलत नाही!

आणखी एक गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते. पूर्व आफ्रिकेत संशोधन करणारे ॲन्थनी ॲलिसन यांनी १९५४ साली असे दाखवून दिले की, जे केवळ वाहक असतात त्यांना हिवतापाच्या घातक स्वरूपापासून बरेच संरक्षण मिळते. हिवतापाच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या हा गुण टिकून राहिला तो याच कारणाने. आपला हा वनव्याप्त, पाणथळ मुलूखही हिवतापाचाच. ज्यास आज आपण शाप म्हणतो त्याच्याच आधाराने आपल्या कित्येक पूर्वजांची लेकरे जगली असावीत. निसर्गाची ही देवघेव गूढ आहे खरी. परंतु तीत सुडाचा मागमूस दिसत नाही.

आता धर्मग्रंथाकडे वळू. योहानलिखित शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांधाकडे पाहून नेमका हाच प्रश्न केला होता: पाप याचे की याच्या आईबापांचे? प्रभू येशूने दोन्ही पर्याय नाकारले, आणि त्याला दृष्टी देण्यास तो पुढे झाला. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावल्याची वार्ता आहे. ती माणसे इतरांहून अधिक पापी नव्हती, असे प्रभूने स्पष्ट सांगितले. मात्र ऐकणाऱ्यांनी स्वतः पश्चात्ताप करावा, असेही बजावले. ईयोबाचे मित्र तर त्याच्या दुःखामागील पाप शोधून काढण्यास मोठ्या उत्साहाने बसले होते. अखेरीस परमेश्वराचा राग ओढवला तो ईयोबावर नव्हे, या पंडितांवर.

जाणकार वाचक येथे आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. निर्गम ग्रंथात वडिलांच्या अपराधाबद्दल तिसऱ्या व चौथ्या पिढीचा उल्लेख नाही काय? हनन्या व सप्पीरा जागीच कोसळले ना? करिंथ येथील ख्रिस्तसभेत अयोग्य रीतीने प्रभुभोजन घेतल्यामुळे अनेक जण दुर्बल व आजारी झाले, असे संत पौल लिहीत नाही काय? हे उतारे पुसून टाकता येत नाहीत. परंतु पिढ्यांच्या हिशेबाविषयी यहेज्केल संदेष्ट्याने पुढे अठराव्या अध्यायात निःसंदिग्ध निर्णय दिला आहे: बापाच्या पापाचा भार मुलगा वाहणार नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात परमेश्वर आपल्या लेकरांना शिस्त लावतो असे म्हटले आहे, आणि तेथे दृष्टांत बापाचा आहे, फौजदाराचा नाही. हनन्याचे किंवा करिंथकरांचे प्रकरण प्रेषितांनी प्रेषित या नात्याने ओळखले. ती दृष्टी आपणास मिळाली आहे असे समजून शेजाऱ्याच्या खाटेजवळ उभे राहून निकाल देण्याचा अधिकार कोणासही नाही, धर्मगुरूंसही नाही.

अलीकडे काही प्रार्थनासभांतून ‘वंशशाप’ तोडण्याचे प्रकार चालतात. कुटुंबाची वंशावळ मांडावयाची, आजोबा-पणजोबांचे पाप हुडकावयाचे आणि त्यातून नातवाचा आजार बरा करावयाचा, अशी ही रीत. स्पेनच्या बिशपांनी २०२४ साली या प्रथेविरुद्ध श्रद्धाविषयक निवेदन प्रसिद्ध केले. आदिपापाचा अपवाद वगळता पाप हे व्यक्तीचे असते, ते वारसाहक्काने उतरत नाही, असे त्यांनी स्पष्ट केले आहे. सिकलसेलच्या घरांत ही शिकवण विशेष घातक ठरते, कारण तेथे आजार खरोखरच वंशपरंपरेने येतो आणि त्यामुळे शापाची कल्पना चटकन पटते. रक्ताचा वारसा आणि पापाचा वारसा यांची गल्लत येथेच होते.

मग पापाला शिक्षा नाहीच काय? आहे. कॅथोलिक धर्मशिकवण पापाच्या दोन परिणामांविषयी बोलते: गंभीर पापाने परमेश्वराशी असलेला संबंध तुटतो, आणि प्रत्येक पाप मागे एक ओढ, एक विकृती ठेवून जाते, जिचे शुद्धीकरण व्हावे लागते. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथानुसार ही शिक्षा म्हणजे परमेश्वराने बाहेरून घेतलेला सूड समजू नये. ती पापाच्या स्वभावातूनच निपजते. दारूने यकृत जाते, घर कर्जात बुडते, मुले बापाला भितात. यासाठी स्वर्गातून वेगळा हुकूम सुटावा लागत नाही.

शिवाय या परिणामांचा मार अनेकदा निरपराधांवर पडतो. भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटेपूर्वी नवजात शिशू कक्षास आग लागली. सात बालके वाचविण्यात आली, दहा दगावली. त्या वेळीही ‘देवाची मर्जी’ हे शब्द कानी आले. चौकशीनंतर शासनाने काही अधिकारी व कर्मचाऱ्यांना निलंबित केले, अग्निसुरक्षेतील त्रुटींची चर्चा झाली. दहा तान्ह्यांनी कोणते पाप केले होते? पाप असेल तर ते हलगर्जीपणाचे होते, आणि त्याची जबाबदारी माणसांची होती. देवाचे नाव पुढे केले की अशा वेळी सर्वांचीच सोय होते, एवढे मात्र खरे.

सिकलसेलच्या बाबतीत आपल्या धर्मग्रामांस एक गोष्ट आजच करता येण्याजोगी आहे. दोन वाहकांच्या विवाहास धर्मनियमांचा अडसर नाही आणि तो घालणे उचितही नव्हे. परंतु गर्भधारणेनंतर निदान झाले की दांपत्यासमोर गर्भपाताचा सल्ला ठेवला जाण्याचा संभव असतो. तो ख्रिस्तसभेस मान्य नाही, हे सर्वश्रुत आहे. मग त्या घडीला केवळ ‘नको’ म्हणून थांबणाऱ्यांनी विवाहाच्या आधी तोंड उघडावयास हवे. विवाहपूर्व शिबिरात समुपदेशनाबरोबर रक्ततपासणीची माहिती द्यावी. ती तपासणी साखरपुड्यापूर्वी व्हावी, कारण त्यानंतर दोन्ही घरांची तोंडे बंद होतात. निकाल त्या दोघांच्याच हाती द्यावा. आणि ज्या घरी आजारी मूल आहे तेथे भेटीस जाणाऱ्या धर्मभगिनींनी व कार्यकर्त्यांनी आधी औषध वेळेवर मिळते का, मूल पाणी पुरेसे पिते का, थंडीपासून त्याचा बचाव होतो का, याची चौकशी करावी. मग सर्वांनी मिळून प्रार्थना करावी.