दगडी बांधांचा किनारा

इटलीच्या लिगुरिया प्रांतात समुद्राला भिडलेल्या डोंगरांवर वसलेल्या पाच गावांचा, म्हणजे चिंक्वे तेर्रेचा, खरा वारसा तेथील रंगीत घरांपेक्षा चुन्यावाचून रचलेल्या दगडी बांधांत आहे. कारण या बांधांनी अडवलेल्या मातीतच द्राक्षवेली तगतात आणि तोडणीनंतर सुकवलेल्या त्यांच्या द्राक्षांपासून ‘शाक्केत्रा’ ही गोड वाइन बनते. याच किनाऱ्यावरील मोन्तेरोस्सो येथे बालपणीचे उन्हाळे घालवलेल्या एउजेनियो मोन्ताले यांच्या १९२५च्या पहिल्या संग्रहात हा उन्हाने करपलेला खडकाळ प्रदेश येतो, आणि १९७५ साली नोबेल मिळालेल्या या कवीने त्याला कुठेही लाडिक सजवले नाही, हे विशेष मोलाचे. १९९७ पासून जागतिक वारसा असूनही मशागत सुटलेल्या उतारांवर बांध ढासळत आहेत. म्हणून प्रस्तुत अंकात निसर्गदृश्यांहून अधिक जागा बांध रचणाऱ्या शेतकऱ्यांच्या कौशल्याला दिली आहे.